तिसरं शिफारसपत्र

“नाव सांग.”

“राधाकिशन.”

“पुरं सांग बे. निस्त्या राधाकिशनला कोण वळखणार?”

तो पुरं नाव सांगेपर्यंत माझी बोटं कधीच पुढं निघून गेली होती. ‘सदर इसम माझ्या चांगल्या परिचयाचे असून ते होतकरू, प्रामाणिक व कष्टाळू आहेत. तरी त्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही विनंती.’ त्याला शाळेत शिपाई व्हायचं होतं का बँकेत वॉचमन, हे मी विचारलं नाही. तोंडाकडंही पाहिलं नाही. जागा फक्त नावाची रिकामी असते, बाकी सगळं पत्र माझ्या बोटांत बसलेलं आहे.

मी बंकट. सिंदफणा नदीच्या अलीकडं जो सहकारी साखर कारखाना आहे, तिथला टायपिस्ट. मशीन गेली, काँप्युटर आला, पण लोक मला बंकट टायपिस्टच म्हणतात. आमच्या चेअरमनसाहेबांची एक पद्धत आहे, बाहेरच्या माणसाला सांगितली तर खोटी वाटेल. साहेब महिन्यातले बरेच दिवस मुंबईत. म्हणून जायच्या आधी ते कोऱ्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर तळाशी सह्या करून जातात. गठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या करगोट्याला. माणूस येतो, मी सहीच्या वर मजकूर भरतो, शिक्का मारतो. दवाखान्यात खाट पाहिजे, वसतिगृहात जागा पाहिजे, चारा छावणीत बैल बांधायचेत, सगळ्याला पत्र. दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. माजलगावच्या धरणात गाळ दिसायला लागलेला, उरलासुरला ऊस लोकांनी जनावरांना तोडून घातलेला, बॉयलर थंड. पण माझ्या टेबलासमोर रांग! कारखाना बंद असला तरी शिफारशींचा हंगाम जोरात होता.

तेवढ्यात फोन वाजला. सत्यभामा, माझी लेक.

“आप्पा, कामात हायत का?”

“बोल.”

“मला अर्जाला तीन शिफारसपत्रं लागत्यात.”

खरं सांगतो, मी खुर्चीत ताठ झालो. ही माझी एकुलती एक पोर दहावीपासून जे शिकत गेली, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. तिच्या परीक्षांना मी बाहेर झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन बसायचो, एवढाच माझा हातभार. डॉक्टर झाली तरी मी आपला बाहेरच. आणि आज तिला काय लागलं? तर शिफारसपत्र! अहो, माझ्या धंद्यातली वस्तू!

“तीनच?” मी म्हणालो. “अगं बाई, तीस देतो. चेअरमनसाहेबांचं एक, आमदारांचं एक, सभापतीचं एक. आन् जिल्हा बँकेचं पाहिजे का?”

तिनं मला मधेच थांबवलं. मग म्हणाली, “आप्पा, तसली न्हाई. घरी आल्यावर सांगते.”

तसली नाही म्हणजे कसली? शिफारसपत्र हे शिफारसपत्र असतं. मी रागारागात राधाकिशनच्या पत्रावर शिक्का असा हाणला, की तो दचकला.

शनिवारी सत्या अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजातून घरी आली. आमची मंजुळा तांड्यावरच्या टँकरचं पाणी वाहून आणून, टिपाडात भरून नुकती टेकली होती. सत्यानं दोघांना समोर बसवलं आणि लहान पोरांना सांगावं तसं सांगायला लागली. दक्षिणेत एक मोठी संस्था आहे. तिथं एमडी आणि पीएचडी एकदमच करता येते, म्हणजे रोगीही तपासायचे आणि रोगावर शोधही करायचा. देशभरातून मोजकीच पोरं घेतात. तिला शोध लावायचाय तो मूत्रपिंडाचा. ऊस तोडायला कोयत्यावर गेलेली माणसं दिवसभर उन्हात राबतात, लघवीला आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, आणि चाळिशीच्या आत मूत्रपिंडं खराब होतात, ती कावून होतात, हे तिला शोधायचंय.

“पाणी पेत न्हाईत म्हनून होत्यात,” मंजुळा म्हणाली. “त्याला एवढं शिकायला कशाला पाहिजे?”

“आई, तेवढंच न्हाई ना!”

“बरं बाई.”

मग तिनं पत्रांचा कायदा सांगितला, आणि माझं डोकं तिथून फिरायला लागलं ते फिरलंच. पत्र लिहिणाऱ्यानं उमेदवाराबरोबर स्वतः काम केलेलं पाहिजे. पत्र त्यानंच लिहायचं, त्यानंच काँप्युटरवरून परस्पर पाठवायचं. उमेदवाराला ते बघायलासुद्धा मिळणार नाही. आणि वर कडी म्हणजे, उमेदवार कशात चांगला आहे हे लिहायचं ते लिहायचंच, पण कशात कमी पडतो हेही लिहायचं.

“उणीव?” मी ओरडलोच. “शिफारसपत्रात उणीव? कुण्या शहाण्यानं काढलाय हा कायदा?”

“आप्पा, हळू बोला.”

“काय हळू! उद्या मी राधाकिशनच्या पत्रात लिहितो, सदर इसम होतकरू हाय, पर जरा आळशी हाय. घेईल का त्याला कुणी?”

सत्या हसली. पण तिचा चेहरा लगेच उतरला. दोन पत्रं गेली होती. एक अंबाजोगाईच्या तिच्या सरांचं, दुसरं पुण्याच्या एका मॅडमचं, जिथं तिनं सुट्टीत प्रयोगशाळेत काम केलं होतं. घोडं अडलं होतं तिसऱ्यावर. एक मोठे नावाजलेले डॉक्टर होते. त्यांचं पत्र असलं तर अर्जाला वजन येणार. सत्या त्यांच्याकडं गेली, तर ते म्हणाले, तूच लिहून आण, मी पाठवून देतो.

“मग रडतीस कावून?” मी म्हणालो. “देवमाणूस हाय तो!”

“आप्पा, त्यांना माझं नाव म्हाईत न्हाई. सत्यवती म्हनत्यात मला.”

“लिहिताना तू बरोबर लिही की.”

“मीच माझी तारीफ लिहू?”

“तू कशाला लिहितीस? मी कशाला हाय?”

मी उठलो आणि ट्रंक उघडली. सगळ्यात तळाला, मंजुळाच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, प्लास्टिकमध्ये घालून एक कागद मी जपून ठेवलेला होता. चेअरमनसाहेबांची सही असलेलं कोरं लेटरहेड. सत्या दहावीला तालुक्यात पहिली आली, त्या दिवशी मी गठ्ठ्यातून एक बाजूला काढलं होतं. सबंध तालुक्याला मी पत्रं दिली, पण स्वतःसाठी कधी एक कागद वापरला नाही. माझ्या पर्मनंटच्या ऑर्डरसाठीही नाही. हा एक कागद पोरीच्या मोठ्या कामासाठी. गेल्या उन्हाळ्यात मंजुळानं जीव खाल्ला होता, आपल्या गल्लीत टँकर येत नाही, काढा तो कागद आणि लिहा. मी नाही काढला. ती डोक्यावर हंडे घेऊन तांड्यापर्यंत जात राहिली आणि मला बोलत राहिली.

तो कागद घेऊन मी रविवारी ऑफिस उघडायला लावलं. इंग्रजीत लिहिलं. डिक्शनरी काढून, एकेक भारी शब्द शोधून लिहिलं. माझ्या आयुष्यात एवढं लांब पत्र मी कुणाला लिहिलं नव्हतं, अगदी पार सहीला टेकेपर्यंत मजकूर नेला, आणि एक अक्षर सहीवर चढलं नाही. याला हात लागतो, महाराज! घरी आणून सत्याच्या हातात दिलं आणि तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं.

“आप्पा, चेअरमनसाहेबांनी मला कधी बघितलंय?”

“कावून न्हाई? बारावीच्या सत्काराला.”

“तवा त्यांनी माझा नारळ गल्लीतल्या तुळजाबाईच्या पोरीच्या हातात दिलता. मी शेजारी हुते.”

ते खरं होतं. मी गडबडलो. मग चिडलो.

“अगं पर सही त्यांची असली म्हनून काय झालं? वळखतो मी ना तुला!”

“मग ते तुमचं पत्र झालं,” ती म्हणाली. “आन् नातेवाइकाचं चालत न्हाई, आप्पा. तसं लिहिलंयच तिथं.”

अरे वा रे वा! म्हणजे जो ओळखत नाही त्याचं चालत नाही, आणि जो जन्मापासून ओळखतो त्याचंही चालत नाही! मी त्या संस्थेला, त्या कायद्याला आणि तो कायदा लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. सत्या कागद हातात घेऊन खाली बघत उभी होती. तो कागद आता टँकरच्याही कामाचा राहिला नव्हता.

“मी तवाच म्हनले हुते,” मंजुळा चुलीपासून बोलली.

“तू गप बस!”

“गप बसून बसून हंडे वाहिले मी. आता कागद बी गेला आन् पाणी बी न्हाई.”

पोरगी मधे पडली. “भांडू नका,” ती म्हणाली. “मी ठरवलंय. सरस्वती मॅडमला विचारते.”

हे नाव ऐकलं आणि माझा तोल पारच गेला. सरस्वतीबाई म्हणजे वडवणीच्या अलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या मोठ्या डॉक्टर. सत्यानं डॉक्टर झाल्यावर सरकारी नियमाप्रमाणं एक वर्ष खेड्यात काढलं, ते त्यांच्या हाताखाली. आणि या बाईनं माझ्या पोरीला लेखी मेमो दिलेला होता. मेमो! मी कागदातला माणूस आहे. मेमो काय असतो, फायलीत गेला की तो जन्मभर कसा निघत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तो मेमो घरी आला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

“त्या बाईला इचारतीस? जिनं मेमो दिला तिला?”

“दिला. चूक माझी हुती.”

“चूक असंना! केलेली चूक माणूस लपवतं का त्या चुकीच्या साक्षीदाराला बोलवून आणतं?”

झालं होतं असं. गेल्या वर्षी हंगाम सरता सरता, थोडाफार ऊस उभा होता तेव्हा, त्या गावाच्या शिवारात तोडणी कामगारांची टोळी उतरलेली होती. माणसं उजाडायच्या आत फडात जातात. म्हणून सत्या पहाटे त्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर जाऊन रक्त, लघवीचे नमुने घ्यायची. एक दिवस तिथं ती अडकून पडली. इकडं केंद्रावर रांग लागली, डॉक्टर कुणीच नाही, ऊन वर आलं, आणि सुंदरबाई नावाची एक म्हातारी रांगेतच चक्कर येऊन पडली. डोकं पायरीवर आपटलं. सरस्वतीबाई दुसऱ्या गावाहून आल्या, त्यांनीच टाके घातले. आणि संध्याकाळी सत्याला मेमो.

“लोकांचं पाणी मोजायला गेले,” सत्या म्हणाली, “आन् माझ्या दारात म्हातारी उन्हानं पडली. मॅडमनं तेवढं एकच वाक्य म्हटलं मला. पुढच्या येळी त्या स्वतः आल्या माझ्यासंगं. अर्धे नमुने त्यांनी घेतले आन् ओपीडीच्या आधी मला परत आणून सोडलं. त्यांनी मला चांगलं करताना बी बघितलंय आन् चुकताना बी. दुसऱ्या कुणी बघितलंय सांगा.”

“ती बाई मेमो लिहील त्या पत्रात!”

“लिहू द्या.”

“आन् ॲडमिशन गेलं म्हंजे?”

“तर जाईल,” सत्या म्हणाली. पण बोलताना तिचा आवाज हलला. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. हे ती मागत होती. मला तेव्हा तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण मी आपला चप्पल घालून बाहेर निघून गेलो.

तिनं फोन केला. सरस्वतीबाई म्हणाल्या, “बघते.”

आता ‘बघते’ म्हणजे काय, हे ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला विचारा. ‘बघते’ म्हणजे नाही. मी सत्याला तसं सांगितलं, तर ती म्हणाली मॅडम तशा नाहीत. ती अंबाजोगाईला गेली. दिवस जात राहिले. मी रोज फोन करायचो, आलं का? ती रोज म्हणायची, न्हाई. शेवटच्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. आज रात्री अर्ज बंद होणार होता, आणि तिसऱ्या पत्राची जागा मोकळी होती. मोठ्या डॉक्टरांना तिनं नाही म्हणून कळवलेलं होतं. म्हणजे सगळे दोर कापून बसलेली!

“मी जातो,” मी म्हणालो.

“आप्पा, नका जाऊ. दबाव आणल्यासारखं हुईल.”

“दबाव काय! भेटून येतो.”

“आप्पा, तुमाला माझी शपथ.”

शपथ घातल्यावर कुणी थांबतं का? माझी बोटं शिवशिवत होती. मी ड्रॉवर उघडला, गठ्ठ्यातलं एक कोरं लेटरहेड काढलं, फायलीत घातलं आणि माजलगावहून वडवणीची एसटी धरली. माझं गणित साधं होतं. सरस्वतीबाई कित्येक वर्षं त्या आडरानातल्या केंद्रात पडून होत्या. बदली कुणाला नको असते? चेअरमनसाहेबांचं पत्र, वरच्या साहेबांच्या नावे, ‘सदर वैद्यकीय अधिकारी माझ्या चांगल्या परिचयाच्या असून…’ की बाई बीडला! त्यांनी आमचं काम करावं, मी त्यांचं करतो. यात वावगं मला काही दिसलं नाही. तालुका असाच चालतो.

केंद्रावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ओपीडी संपायचं नाव नव्हतं. जुलाब, उलट्या, ऊन लागलेली पोरं, व्हरांड्यात खाटा टाकून सलाइनी लावलेल्या. टँकरचं पाणी पिऊन अर्धं गाव आडवं झालेलं होतं. सरस्वतीबाई त्या गर्दीत इकडून तिकडं फिरत होत्या. केस पांढरे, पायात रबरी चपला, ॲप्रनवर शाई सांडलेली. मी माझं नाव सांगितलं.

“बसा,” त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बसलो. पार ऊन उतरेपर्यंत बसलो. मनात म्हणालो, बाईला आठवणसुद्धा नाही, आणि इकडं पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय. शेवटची खाट मोकळी झाली तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर एक जुना लॅपटॉप उघडा होता.

“बोला.”

मी फाईल उघडली, लेटरहेड काढून त्यांच्यापुढं सरकवलं आणि आवाज खाली आणून सगळं गणित सांगितलं. कुठं बदली पाहिजे ते नुसतं बोला, म्हणालो. मजकूर मी इथंच भरतो.

बाईंनी कागद उचलला. खालची सही बघितली, वरची कोरी जागा बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हसतील किंवा शिव्या देतील. पण त्या नुसत्या दमलेल्या दिसल्या.

“बंकटराव, तुमच्या मुलीला हे माहीत आहे?”

“न्हाई, मॅडम.”

“हा कागद मी ठेवून घेतला, तर मला तिचं पत्र लिहिता येणार नाही. कळतंय का तुम्हाला?”

माझ्या कानापर्यंत रक्त चढलं. सत्या जवळ असती, तर तिच्या डोळ्याला डोळा देता आला नसता. मी कागद घेतला, फायलीत घातला. घाईत कागदाला चुणी पडली.

“चुकलं, मॅडम,” मी म्हणालो. “माझं चुकलं. माझ्या चुकीचं तिच्या पत्रात नका घालू.”

“तुमचं मी तिच्या पत्रात कशाला घालू? तिच्या चुका तिला पुरेशा आहेत.” त्यांनी चष्मा पुसला. “रोज लिहायला बसते आणि रोज बाहेर कुणीतरी पडतं. आणि ते चार ओळींत उरकण्यासारखं नाही. उरकायचं असतं तर पहिल्या दिवशीच पाठवलं असतं.”

त्यांनी लॅपटॉप पुढं ओढला आणि लिहायला लागल्या. एका बोटानं! डोळ्यांनी अक्षर शोधायच्या, सापडलं की दाबायच्या, मग पुढचं शोधायच्या. माझ्यासारख्या माणसाला हे बघवेना.

“मॅडम, तुमी बोला, मी टाइप करतो,” मी म्हणालो. “माझा हात लई चालतो. बघता बघता करून देतो.”

“नको.”

“अहो, रात्रीपोतर बंद हुतंय ते!”

“तुम्ही तिचे वडील आहात,” त्या म्हणाल्या. “बाहेर बसा. आणि दार लावून घ्या.”

दार लावून घेतलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसलो. पुन्हा बाहेर. पाण्याची बाटलीही होती पिशवीत, सवयीनं आणलेली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी गोळ्यांची पुडी पदराला बांधत होती. कपाळावर टाक्यांचा व्रण. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“सत्यभामा डॉक्टरचे कोन तुमी?”

“बाप.”

“तरीच. नाक तेच हाय.” ती सरकून जवळ आली. “मी सुंदरबाई. तुमच्या पोरीपायी पडले हुते मी. हे बघा.”

मी हात जोडले.

“पडले ते पडले,” म्हातारी करवादली, “पर नंतर लई तरास दिला हो तिनं! रोज घरी यायची. सुंदरबाई, पाणी किती पेलं? सुंदरबाई, तांब्या दाखव. अगं म्हनलं, दुष्काळ हाय, तांब्या कुठून भरू? तर दुसऱ्या दिसापासून स्वतःच्या खोलीवरला हंडा माझ्या दारात आणून ठिवायला लागली. आन् पुन्हा इचारायचीच. माझ्या सुनेनं एवढं कधी छळलं न्हाई.”

“हे मॅडमला सांगितलं का तुमी?” मी दाराकडं बोट दाखवून घाईघाईनं विचारलं.

“त्यांना काय सांगायचं? त्यांच्या म्होरंच चालायचं सगळं.” गोळ्या कमरेला खोचून सुंदरबाई उठली. “जाती. उशीर झाला तर सून बोंबलती.”

ती गेली. आवारात कुणी राहिलं नाही. लिंबाखाली शिपायानं झाडू मारून ठेवलेला, आणि आतून तो आवाज. टक. टक. मग शोधाशोध. टक.

आयुष्यभर मी हा आवाज ऐकत आलोय, पण बाहेर बसून कधी ऐकला नव्हता. बायकोच्या ओरडण्यासारखी त्याची सवय झालेली असते. आता मी कान लावून बसलो. आवाजावरून काही कळतंय का बघत होतो. कळतं काय, कप्पाळ! लांब पट्टी दाबली की खट्ट वाजायचं, म्हणजे शब्द संपला, एवढंच कळायचं. एकदा सलग टकटकटकटक झालं, म्हणजे बाई लिहिलेलं खोडत होत्या. चांगलं खोडलं का वाईट खोडलं? हट्टी आहे म्हणून लिहिलं असेल का? ती आहेच हट्टी. आईवर गेलीय. म्हातारी पडली ते तर लिहिलं असणारच. मग हंडा लिहिला असेल का?

तालुक्यातलं प्रत्येक शिफारसपत्र माझ्या हातून गेलं. आणि जे एक मला वाचायचं होतं, त्याच्यासाठी मी दाराबाहेर. एवढ्या वेळात माझी किती पत्रं होऊन शिक्के वाळले असते. आत मात्र चालूच होतं. बाईंना माझ्या पोरीबद्दल एवढं सांगायचं होतं तरी काय? एखाद्या माणसाबद्दल एवढं लिहायला असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

रस्त्यावर एसटीनं हॉर्न दिला. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. “माजलगाव! माजलगाव! मामा, येता का? हीच शेवटली!”

मी अर्धा उठलो. त्याच वेळी आतला आवाज थांबला.

संपलं असेल, म्हणून मी थांबलो. पण खुर्ची सरकली नाही, दार उघडलं नाही. नुसती शांतता. मग माझ्या लक्षात आलं, बाई विचार करतायत. माझ्या पोरीबद्दल काय लिहावं, कसं लिहावं, म्हणून हात आवरून बसल्यायत. माझ्या हाताला असं थांबणं कधी माहीतच नव्हतं. नावापाशीसुद्धा नाही. राधाकिशनचा चेहरा आठवायला गेलो, तर आठवेना.

मी कंडक्टरला हातानंच जा म्हणून खुणावलं. एसटी धुरळा उडवत निघून गेली, आणि आत पुन्हा टक झालं.

खिशात फोन वाजला. मी झडप घालून कानाला लावला.

“आप्पा, कुठाय तुमी? आई म्हनली, सकाळीच निघाले. तुमी तिथं तर गेला न्हाईत ना? आप्पा? बोला ना!”

“गप,” मी हळूच म्हणालो. “बाई लिहायल्यात.”